पाच की दहा?

गणपतीत मंडळाच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभे असलो की ओळखीची मंडळी आम्हाला हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "काय, यंदा भारतात कधी?" आणि दुसरा, "काय हो, अजून तीच गाडी?" पहिल्याचं उत्तर "डिसेंबरात" असं ठरलेलं आहे. दुसऱ्याचं उत्तर रांगेत देण्याजोगं नाही, त्याला थोडी बैठक लागते. संपादकांनी "पुंगोलबद्दल काहीतरी लिहाच" अशी गळ घातली तेव्हा म्हटलं, चला, तेच सांगून टाकू. आमचं पुंगोल आणि आमची गाडी आता एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. आणि आम्ही म्हणजे कोण? तर आम्ही उभयता, चिरंजीव, आणि बहुमजली पार्किंगच्या पाचव्या मजल्यावर उभी असलेली ती चौथी!

पुंगोल सिंगापूरच्या ईशान्य टोकाला, जोहोरच्या खाडीवर. आमच्या अण्णांनी फोनवर हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा "काय, भूगोल?" असं विचारलं होतं. मलय भाषेत फांदीवर काठी फेकून फळं पाडण्याला हा शब्द वापरत, असं सांगतात. आपल्याकडे पोरं चिंचा पाडतात ना, तसंच. इथे पूर्वी कोळ्यांची वस्ती होती, कोंबड्यांचे आणि डुकरांचे फार्म होते. १९२८ साली विल्यम लॉरेन्स सोमा बसाप्पा नावाच्या भारतीय वंशाच्या गृहस्थांनी आपला खाजगी प्राणिसंग्रह पुंगोलला आणला, आणि युद्ध येईपर्यंत लोक वाघ बघायला इथवर येत. मग २८ फेब्रुवारी १९४२ ला जपानी सैन्याने याच किनाऱ्यावर शेकडो चिनी नागरिकांना गोळ्या घातल्या. आज त्या किनाऱ्यावर त्यांच्या स्मृतीचा फलक आहे, आणि रविवारी त्याच्या आसपास लोक सायकली चालवतात.

१९९६ साली 'पुंगोल २१' ही नव्या गावाची योजना जाहीर झाली. २००३ मध्ये आगगाडी आली, २०११ मध्ये गावाच्या मधून खणलेला पाण्याचा कालवा खुला झाला. आम्ही २०१२ मध्ये इथे रिसेल फ्लॅट घेतला तेव्हा खिडकीतून निम्मी जमीन वाळूची आणि पत्र्याच्या कुंपणाची दिसायची. ओळखीचे म्हणायचे, "अहो, इतक्या लांब कशाला गेलात?" आम्ही म्हणायचो, "पाच वर्षांचा तर प्रश्न आहे." हे 'पाच वर्षं' वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

आमची नोकरी जुरोंगला, म्हणजे बेटाच्या नेमकी दुसऱ्या टोकाला. रेल्वेने जायला सव्वा-दीड तास. तीन वर्षं तसे गेलो. मग २०१५ साली एक जुनी गाडी घेतली. होंडा सिव्हिक, इथले गाडीवाले जिला 'एफडी' म्हणतात ती पिढी. नोंदणी फेब्रुवारी २००९ ची. बसकी, पुढची काच लांबवर उतरलेली, स्पीडचा आकडा वर आणि इंजिनच्या फेऱ्यांचा काटा खाली अशी दोन मजली मांडणी. सौ. म्हणाल्या, "अहो, ही चार दरवाज्यांची घरगुती गाडी आहे की विमान?" आम्ही म्हटलं, "दोन्ही!"

या गाडीची गंमत अशी की सांगाडा तोच, पण पोटात निरनिराळी इंजिनं. एक १.६ लिटरचं, सव्वाशे अश्वशक्तीचं. दुसरं १.८ चं, १४० अश्वशक्तीचं. तिसरं २.० चं, १५५ चं. आणि चौथी 'टाइप आर' नावाची जपानी वाघीण. तिचंही इंजिन दोन लिटरचंच, पण २२५ अश्वशक्तीचं. आमची १.८ ची आणि तीही हाताने गिअर टाकायची. सिंगापुरात अशी गाडी शोधायला आम्हाला चार महिने लागले. विकणारा एजंट सारखा म्हणत होता, "अंकल, ऑटो घ्या, मॅन्युअल पुढे कोण घेणार?" आम्ही तेव्हा छत्तीस वर्षांचे होतो. 'अंकल' शब्द अजून टोचतो.

योगायोग असा की आमच्याच पार्किंगमध्ये तिच्या दोन बहिणी निघाल्या. आमच्या एका नागपूरकर मित्रांची २.० ऑटोमॅटिक, आणि पलीकडच्या ब्लॉकमधल्या एका चिनी तरुणाची पांढरी टाइप आर. गाडी पुसताना ओळख झाली, आणि २०१८ च्या एका रविवारी पहाटे आम्ही तिघे तीन गाड्या घेऊन निघालो. टीपीईने पश्चिमेला, पुढे एसएलई, आणि तिथून अपर थॉमसन रोड.

हा रस्ता साधासुधा नाही. १९६१ ते १९७३ सिंगापूरची ग्रां प्री शर्यत याच सार्वजनिक रस्त्यावर व्हायची. जवळजवळ पाच किलोमीटरचा फेरा, एका बाजूला जंगल, आणि वळणांना नावं 'स्नेक्स', 'डेव्हिल्स बेंड' अशी. २००८ पासून मरीना बे ला दिव्यांच्या झगमगाटात रात्रीची फॉर्म्युला वन होते, ती सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या जुन्या रस्त्यावर आता झाडांची कमान, शांतता आणि कठड्यावर बसलेली माकडं. आम्ही अर्थातच शर्यत लावली नाही. घरी कर्ज, मुलं आणि बायका आहेत! वेगमर्यादा पाळून, आळीपाळीने एकमेकांच्या गाड्या चालवून पाहिल्या, एवढंच.

नागपूरकरांची २.० आधी. गॅसवर पाय ठेवला की कुरकूर न करता उचलते. चढावर, चार माणसं आणि सामान असताना, तिचा जोर खालच्या फेऱ्यांतच मिळतो. मोठ्या भावासारखी, "मी आहे ना" म्हणणारी. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ठरवणार तसं आपण जायचं.

मग टाइप आर. त्या पोराने किल्ली दिली तेव्हा आमचा हात जरा थरथरला हे कबूल करतो. तीन हजार फेऱ्यांपर्यंत तिच्यात आणि आमच्या गाडीत विशेष फरक जाणवला नाही, उलट तिच्या कडक सस्पेन्शनने रस्त्यावरचा प्रत्येक सांधा पाठीच्या मणक्यांना मोजून दाखवला. तिचा खरा स्वभाव वर आहे. साडेपाच-सहा हजार फेऱ्यांच्या पुढे व्हॉल्व्ह उघडणारे कॅम बदलतात. व्हॉल्व्ह जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात, आणि इंजिन वेगळ्याच आवाजात गायला लागतं. पूर्ण २२५ ची ताकद मिळते आठ हजार फेऱ्यांना. आणि सिंगापूरच्या हमरस्त्यावर मर्यादा ताशी ९० किलोमीटर! म्हणजे ते गाणं ऐकायचं ते दुसऱ्या गिअरमध्ये, तीन-चार सेकंद. "मग मलेशियात नेऊन चालवतोस का?" असं विचारलं तर तो हसून म्हणाला, "नाही अंकल, रोज फक्त तीन सेकंद. पुरतात."

आमची १.८ या दोघींच्या मधली नाही, वेगळीच आहे. हिच्यातही व्हॉल्व्हची करामत आहे, पण उलट दिशेने. हलक्या पायाने, स्थिर वेगाने चाललं की इंजिन आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह थोडा उशिरा बंद करतं. त्यामुळे हवा ओढून घेण्यात इंजिनची जी शक्ती वाया जाते ती वाचते, आणि पेट्रोल वाचतं. टाइप आरमध्ये ही युक्ती जोरासाठी, इथे काटकसरीसाठी. पुण्यात वाढलेल्या माणसाला कोणती आवडणार, हे सांगायला नको.

परत येताना प्राटा खायला बसलो तेव्हा पेपर नॅपकिनवर आकडेमोड झाली. इंजिनिअर लोकांचा हा जुना रोग. सपाट रस्त्यावर ताशी ९० ने जायला असल्या गाडीला जेमतेम पंधरा-वीस अश्वशक्ती लागते. उरलेले सव्वाशे घोडे नुसते तबेल्यात उभे! पण चारा सगळ्यांना घालावा लागतो. इथला रोड टॅक्स इंजिनच्या आकारावर. १.६ ला वर्षाला साधारण ७४० डॉलर, १.८ ला ९७६, २.० ला १२१०. गाडीने दहा वर्षं ओलांडली की त्यावर दरवर्षी दहा टक्के जास्त, चढत चढत पन्नास टक्क्यांपर्यंत. आज आमच्या १.८ ला १४६४ डॉलर भरावे लागतात. दोन लिटरच्या दोघींना १८१५. नॅपकिनवर शेवटची ओळ नागपूरकरांनी लिहिली: "अक्कल, १.६. मन, टाइप आर. आपण सगळे, मधले."

हसलो खरे, पण खरा हिशेब पुढेच होता.

इथल्या वाचकांना सीओई काय ते सांगायला नको, पण हा अंक भारतातही जातो म्हणून थोडक्यात. १९९० च्या मे महिन्यापासून सिंगापुरात गाडी रस्त्यावर आणायला आधी एक परवाना लिलावात घ्यावा लागतो, दहा वर्षांचा. बेट लहान, जमिनीचा बाराएक टक्के भाग रस्त्यांनीच व्यापलेला, तेव्हा गाड्या मोजूनच. २०१८ च्या फेब्रुवारीपासून मोटारींची वाढ तर शून्यावर आणली. या परवान्याची किंमत समुद्रासारखी वरखाली होते. २००८ च्या नोव्हेंबरात, मंदीच्या ऐन तडाख्यात, लहान गाड्यांचा परवाना चक्क दोन डॉलरला गेला होता. २०२३ च्या ऑक्टोबरात मोठ्या गाड्यांचा गेला १,५०,००१ डॉलरला.

दहा वर्षं संपली की दोनच वाटा. गाडी मोडीत काढा, नाहीतर गेल्या तीन महिन्यांची सरासरी किंमत भरून परवाना वाढवा. वाढवलात तर नोंदणीच्या वेळी भरलेल्या कराचा जो परतावा मिळणार होता, तो बुडाला. आणि वाढवायचा तर फॉर्मवर एक चौकट: पाच वर्षं की दहा? पाचला निम्मे पैसे, पण पाच संपली की पुन्हा वाढवता येत नाही, गाडी मोडीतच. दहाला पूर्ण पैसे, पण दहानंतर पुन्हा वाढवता येतो.

आमची दहा वर्षं फेब्रुवारी २०१९ ला संपणार होती. त्या डिसेंबरात आई-अण्णा सांगलीहून आमच्याकडे आले होते. अण्णांची सारी नोकरी किर्लोस्करवाडीला, पंपांच्या कारखान्यात. त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. ती त्यांनी बावीस वर्षं वापरली. तिला इंजिनचे पर्याय नव्हते. होतं ते एकच, आणि तेही नंबर लावून, वाट पाहून मिळालेलं.

आम्ही त्यांना पाचव्या मजल्यावर नेलं आणि सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बॉनेट उघड." मग एक लांब स्क्रूड्रायव्हर मागितला, त्याचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून दोन मिनिटं ऐकत राहिले. शेजारची मलय बाई ट्रॉली घेऊन थांबलीच!

"किती झाली?"

"एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर."

"मग ह्याला मोडीत का काढतात रे? अजून तेवढीच जाईल. आपल्याकडं पंधरा वर्षं झाली की तपासतात, आणि पास झाली की पाच वर्षं वाढवून देतात."

"अण्णा, इथे इंजिन संपत नाही, कागद संपतो."

अण्णा काही बोलले नाहीत. आमच्या मनात मात्र आमचे स्वतःचे कागद आले. पीआर झालो तरी री-एंट्री परमिट पाच-पाच वर्षांनी वाढवतोच आहोत की!

त्या रात्री चिरंजीव झोपल्यावर आम्ही दोघं गाडी घेऊन पुंगोल पॉइंटच्या जेटीवर गेलो. समोर अंधारात पुलाऊ उबिन, पलीकडे जोहोरचे दिवे, आणि गळ टाकून बसलेली म्हातारी माणसं. आम्ही पेट्रोल, टॅक्स, देखभाल असा हिशेब सांगायला लागलो. सौ. नी शांतपणे थांबवलं.

"अहो, गाडीचं सोडा. २०२९ साली मुलगा किती वर्षांचा असेल?"

"एकोणीस."

"म्हणजे नॅशनल सर्व्हिसमध्ये. दहा लिहिलंत तर तेही लिहिलंत. आणि पाच लिहिलंत तर २०२४ ला तो चौदाचा. तेव्हा खरंच जायचं असेल तर आजपासून तयारी करायला हवी. त्याचं मराठी, त्याची शाळा, तुमची पुण्यातली नोकरी. नुसतं 'पाच वर्षांनी जाऊ' असं म्हणत राहण्याची आता हौस फिटली माझी."

वाचकहो, २००४ साली आम्ही एम.एस्सी. करायला इथे आलो तेव्हा विमानतळावर आईला "दोन वर्षं" सांगितलं होतं. नोकरी लागली तेव्हा "पाच वर्षं". फ्लॅट घेतला तेव्हाही "पाच वर्षं". यात खोटं बोलण्याचा हेतू कधीच नव्हता. प्रत्येक वेळी ते खरंच वाटत होतं. पण आजवर कुणी ते आमच्याकडून लिहून मागितलं नव्हतं. मागितलं ते गाडीच्या फॉर्मने.

आम्ही दहा भरले. तीस हजार डॉलरच्या थोडे वर. आमची १.८ मोठ्या गाड्यांच्या गटात मोडते, १.६ असती तर थोडे कमी पडले असते. पण आम्हाला घाम फुटला तो पैशांनी नव्हे. घाम फुटला तो दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, अण्णांना सांगताना.

"अण्णा, दहा केले."

त्यांनी बशीत चहा ओतला, प्याले, बशी खाली ठेवली. आई आत निघून गेली. मग अण्णा म्हणाले, "बरं केलंस. अर्धवट कारभार नको." आणि थोड्या वेळाने, "ऑईल मात्र वेळेवर बदल."

त्या 'दहा'चा अर्थ आम्हाला पुढे कळला. २०२१ च्या एप्रिलात आईला कोविड झाला. ती सांगलीच्या दवाखान्यात, अण्णा घरात एकटे, आणि त्याच आठवड्यात भारतातून सिंगापुरात यायचे दरवाजे बंद झाले. गेलो असतो तर परत कधी येता येईल, कुणी सांगू शकत नव्हतं. धाकट्या भावाने सगळं निभावलं. आम्ही रात्री अकरा वाजता पाचव्या मजल्यावर जाऊन गाडीत बसायचो आणि तिथून फोन लावायचो, चिरंजीवाला ऐकू जाऊ नये म्हणून. आई त्यातून उठली, देवाची कृपा. पण त्या अठरा दिवसांत आम्ही तिथे नव्हतो, हे उरलंच. अण्णांनी त्याबद्दल आजवर एक शब्द काढलेला नाही. त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं.

२०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. बातमी आम्हीच अण्णांना फोनवर वाचून दाखवली. ते म्हणाले, "तिथंही कागदच संपला म्हण की."

आज आमच्या गाडीचे दोन लाख दहा हजार किलोमीटर झालेत. पुंगोलही वाढलंय. वाळूचं कुंपण गेलं, डिजिटल डिस्ट्रिक्ट आलं, २०२४ च्या डिसेंबरात पुंगोल कोस्टचं स्टेशन सुरू झालं. पाचव्या मजल्यावरच्या बहिणी मात्र कमी झाल्या. नागपूरकरांनी पाच वर्षं वाढवली होती. ठरल्याप्रमाणे २.० मोडीत काढली आणि ठरल्याप्रमाणे नागपूरला गेलेसुद्धा! त्यांचा फोन येतो तेव्हा आम्ही त्यांना मनापासून मानतो, आणि थोडा हेवाही करतो. टाइप आरवाल्या पोराचं लग्न झालं. त्याने गाडी ठेवली आहे, मागच्या सीटवर आता बाळाची खुर्ची आहे. रोजचे तीन सेकंद चालू आहेत की नाही, विचारलेलं नाही.

चिरंजीवांना लायसन्स काढायचं वय अजून आलेलं नाही, पण आल्यावर ते मॅन्युअल गाडीवरच काढणार, असं त्यांनी जाहीर केलं आहे. फेब्रुवारी २०२९ ला तो फॉर्म पुन्हा समोर येईल, तेव्हा चौकटीत काय भरायचं यात त्यांचंही मत घ्यावं लागेल.

गेल्या महिन्यात व्हिडिओवर बोलताना अण्णा अचानक म्हणाले, "गाडीचा आवाज ऐकव." चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, आता प्रवास झेपत नाही. आम्ही खाली गेलो, बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून फोन जवळ धरला. पलीकडे शांत. मग म्हणाले, "टॅपेट वाजतायत. क्लिअरन्स बघून घे."

आम्हाला तर काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. तरी शनिवारी काकी बुकिटला गेलो. (ही कुणाची काकी नव्हे, गॅरेजवाल्यांची वस्ती आहे. मलयमध्ये अर्थ 'टेकडीचा पायथा'.) आमच्या मेकॅनिक अंकलने झाकण उघडलं, फीलर गेज फिरवलं, आणि दोन व्हॉल्व्हपाशी थांबला.

"हे दोन सैल झालेत. तुला कसं कळलं?"

"आम्हाला नाही कळलं," आम्ही म्हटलं. "सांगलीहून फोन आला होता."